वाडीच्या पूजेला बोलावलेलं दशावतारी मंडळ: पाचपैकी चार स्टार, आणि संकासुरावरून झालेला वाद

यंदा आमच्या वाडीच्या सार्वजनिक सत्यनारायणाच्या पूजेला आम्ही दशावतार ठेवला होता. मंडळ कुडाळ-वेंगुर्ला पट्ट्यातलंच आहे पण नाव लिहीत नाही, कारण खाली एका कलाकाराबद्दल तक्रार पण आहे आणि नाव टाकलं की लोक तेवढंच धरून बसतात, बाकीचं चांगलं कोणी वाचत नाही. ज्यांना पूजेला किंवा जत्रेला नाटक ठरवायचं आहे त्यांच्यासाठी आधी सर्व्हिस कशी होती ते सांगतो आणि मग ज्या गोष्टीवरून आमच्याकडे अजून गट पडलेले आहेत तिच्याबद्दल लिहितो, मला तीच जास्त महत्त्वाची वाटते.

तर सर्व्हिस. बिदागी ठरली तेवढीच घेतली, गाडीभाडं वेगळं सांगितलं होतं ते पण आधीच, नंतर वाढवून मागितलं नाही. टेम्पो संध्याकाळी वेळेवर आला. देवळाच्या ओवरीत एका बल्बाच्या उजेडात सगळे आपापली रंगरंगोटी स्वतःच करत बसले, मेकअपवाला वगैरे प्रकार नाही, वाडीतली पोरं ते बघायलाच गर्दी करून होती आणि एकानेही पोरांना हाकललं नाही. जेवणाची काही कटकट नाही, भात, डाळ, काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी, जे होतं ते खाल्लं. स्टेजवर मागे पडदा आणि पुढे एक बाकडं, बस्स, तेच सिंहासन तोच पर्वत. हल्ली ट्रिकसीनवाले प्रयोग जास्त मागतात, धूर, लाईट, वरून उतरणारा देव वगैरे, आम्ही मुद्दाम पारंपरिक मागितला होता आणि त्याबाबतीत पैसे वसूल.

आख्यान भस्मासुर-मोहिनीचं. स्त्रीपार्ट करणारा कलाकार म्हणजे काय सांगू, मोहिनी आली तेव्हा मागे बसलेल्या बायका पण नऊवारी कशी नेसलीय ते बघत होत्या, चाल, मान, हाताची बोटं, सगळं इतकं नेमकं की हा दिवसा कुठेतरी नोकरी करणारा गडी आहे हे खरं वाटत नाही. राजपार्टाचा आवाज जबरदस्त. बुवांची पायपेटी आणि पखवाज यांचं जुळलेलं होतं पण साऊंडवाल्याने पेटीचा माईक एवढा चढवून ठेवला होता की पदातले शब्द अर्धे गेले. साऊंड आमच्या गावचाच होता त्यामुळे तो दोष मंडळाचा नाही.

आता मूळ विषय. आम्ही पूर्वरंग पण मागितला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दशावतारात मुख्य आख्यानाच्या आधी जो भाग असतो, आडदशावतार पण म्हणतात त्याला, त्यात गणपती येतो, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो आणि मग त्याचे वेद चोरणारा संकासुर येतो. काळा पेहराव, तोंडावर काळं कापड आणि बाहेर लोंबणारी लाल जीभ. तो मालवणीत बोलतो, ब्रह्मदेवाची टर उडवतो, समोर बसलेल्यांची उडवतो आणि शेवटी विष्णू येऊन त्याला मारतो. बरीच मंडळं हल्ली हे पाच-दहा मिनिटांत गुंडाळतात नाहीतर करतच नाहीत. ह्यांनी व्यवस्थित केलं, त्याबद्दल एक स्टार तर नुसता त्याचाच.

संकासुर आला, ब्रह्मदेवाबरोबर नेहमीची वादावादी झाली, मग ब्रह्मदेवाने विचारलं की वेद नेऊन ठेवणार कुठे. तेव्हा हा म्हणाला, "मागच्या टायमाक समुद्रात लपवलंय, तर त्या माशान शोधून काढल्यान. ह्या खेपेक मी सातबाऱ्याच्या फायलीत ठेवतलंय. येवंदे विष्णू दहा अवतार घेवन, अकरावो अवतार एजंटाचो घेवचो लागतलो!" लोक फुटले हसून. पुढच्या रांगेत पाहुणे म्हणून तालुक्याच्या ऑफिसातले एक साहेब बसलेले, ते पण हसले. मग तो थांबला नाही, म्हणाला की फाईल गावली तरी वेद परत मिळायचे नाहीत, कारण ते सामायिकात आहेत, "तेतीस कोटी देवांच्यो सह्यो हाडा, त्यातले अर्धे मुंबयक, ते गणपतीकच येतले!"

ह्या दुसऱ्या वाक्याला हशा जरा उशिरा आला. कारण आमच्या वाडीत एकही घर असं नाही ज्याच्या सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं नाहीत आणि त्यातली निम्मी मुंबईला नाहीत. त्या रात्री चाकरमानी पण आलेले होते पूजेला, त्यांच्यातल्या कोणी कोणी सह्या अडवून धरल्यात हे सगळ्यांना माहीत. बोलणारा ऑफिसाला पण बोलला आणि आम्हाला पण बोलला. दहा-बारा मिनिटं हे चाललं आणि मग विष्णू आला आणि संकासुर मेला.

मग आख्यानात हाच कलाकार भस्मासुराचा विनोदी सेवक म्हणून परत आला आणि इथे माझा मूड गेला. आमच्याकडे आंब्याच्या बागा राखायला नेपाळी कुटुंबं असतात, मोसम सुरू झाला की येतात, बागेतच खोपटं करून राहतात, कलमांवर रात्रभर जागतात. त्यातली दोन कुटुंबं मागच्या बाजूला चटईवर बसलेली, पोरंबाळं घेऊन. ह्याने त्यांच्या बोलण्याची नक्कल सुरू केली, 'साबजी साबजी' करून, मग ते बुटके, मग त्यांचे डोळे. मग तिथून वाडीतला एक मुलगा बोलताना अडखळतो, त्याची नक्कल. कोणीतरी संध्याकाळी ओवरीत त्याला हे पुरवलेलं असणार, बाहेरून आलेल्या माणसाला कसं कळणार नाहीतर. हशा पहिल्यापेक्षा मोठा. मागची एक बाई पोराला उचलून बागेकडे निघून गेली.

सकाळी देवळाच्या पारावर कमिटी बसली आणि मला वाटलं विषय हा निघेल. निघाला भलताच. कमिटीतले आप्पा म्हणाले, "आमच्या देवळात येवन आमच्याच पावण्यांका नावां ठेवतत, ह्या काय बरा नाय. पुढच्या वर्साक मालकाक सांगा, गावचो विषय काढूचो नाय." आणि नेपाळ्यांचं, त्या मुलाचं? ती गंमत, त्यात काय. म्हणजे ऑफिसच्या कारभारावर बोलला तो अपमान, आणि चटईवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांवर बोलला तो विनोद. आणि एक तिसरा गट होता पोरांचा, त्यांचं म्हणणं दोन्ही सारखंच, संकासुर काय आणि सेवक काय, तो उपहासकार आहे, कलाकाराला सगळं बोलायची मुभा पाहिजे, एक चालतं तर दुसरं पण चाललं पाहिजे.

मला दोन्ही पटत नाही आणि का ते नीट सांगतो.

पहिली गोष्ट, उपहासकार ही कोणाला कायमची मिळालेली पदवी नाही. तोच माणूस, तोच आवाज, तीच रात्र, पूर्वरंगात तो उपहास करत होता आणि आख्यानात करत नव्हता. म्हणून 'तो उपहासकार आहे की नाही' हा प्रश्नच मला बरोबर वाटत नाही, त्या त्या वेळी त्याने काय केलं ते बघायचं. एकदा माणसाला शिक्का मारला की मग तो जे काय बोलेल ते सगळं त्या शिक्क्याखाली खपतं, आणि उलट ज्याला शिक्का नाही त्याने कितीही नेमकं बोललं तरी तो फक्त तोंडाळ ठरतो. आमच्या वाडीत एक मावशी आहे, मासे विकते, ती ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या वेळापत्रकावर जे बोलते ते मी कुठल्याच दिवाळी अंकात वाचलेलं नाही, पण तिला कोण म्हणतंय उपहासकार.

दुसरं, हशा किती झाला यावरून काहीच ठरत नाही. नकलेला हशा जास्त होता कारण हसणाऱ्याला त्यात काहीच द्यावं लागत नव्हतं, ना तो नेपाळी ना तो अडखळतो. सह्यांच्या वाक्याला हशा उशिरा आला कारण आधी प्रत्येकाला आपल्या घरचा सातबारा आठवला. मला विचाराल तर त्या थांबून आलेल्या हशालाच जास्त किंमत आहे.

तिसरं आणि माझ्यासाठी सगळ्यात मोठं, ज्याच्यावर बोलायचं ते आतून माहीत असणं. आचार्य अत्र्यांचं घ्या. 'झेंडूची फुले' १९२५ साली आली, त्यात त्यांनी रविकिरण मंडळ या कवींच्या गटाच्या वेळच्या कवितेची विडंबनं केली, आणि ती अजून लोकांना पाठ आहेत ती नुसती खिल्ली म्हणून नाही, अत्रे स्वतः केशवकुमार नावाने कविता लिहायचे, वृत्त त्यांच्या हातात होतं, ज्या शैलीवर हसायचं ती आधी त्यांना स्वतःला लिहिता येत होती. विडंबनाला एवढी तयारी लागते. नेपाळी माणसाची नक्कल करणाऱ्याला नेपाळी भाषेतला एक शब्द येत नव्हता, तो माणूस रात्री बागेत काय करतो, वानर कसे हाकलतो, किती पैसे मिळतात, काहीच माहीत नव्हतं. मग तो कशाचा उपहास करत होता?

सकाळी टेम्पोत सामान भरताना मी त्या कलाकाराला चहा नेऊन दिला आणि विचारलंच. माणूस सरळ आहे, चिडला नाही. नकलेबद्दल म्हणाला, "लोक हसतत ओ. थयसर हसले नाय तर पुढच्या वर्साक बोलवतलो कोण?" आणि सातबाऱ्याचं कुठून सुचलं म्हटल्यावर एकदम वेगळाच झाला, "ता माझा सोताचा. बापूस गेल्यापासून वारस नोंदीसाठी फिरतंय मी. फेरफार अजून होवक नाय." म्हणजे बघा, जे उत्तम होतं ते त्याचं स्वतःचं, अंगावरून गेलेलं. आणि जे हलकं होतं ते कोणाकडून तरी उचललेलं, प्रत्येक गावात थोडं बदलून वापरायचं. हे ऐकल्यावर मला त्याच्याबद्दल राग राहिला नाही पण तक्रार राहिली, ती मी त्याला तिथेच सांगितली, त्याने मान हलवली, पुढे काय करेल ते त्याचं तो.

आता आप्पांच्या गटाचं. देवळात गावचा विषय नको म्हणणाऱ्यांनी दशावतार म्हणजे काय ते थोडं आठवावं. ह्या प्रकाराला लिहिलेली संहिता नसते. मंडळाचा मालक कथा सांगतो, पार्ट वाटतो आणि संवाद तिथे उभ्या उभ्या होतात. मुंबई-पुण्याच्या नाटकाला संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते, सर्टिफिकेट घ्यावं लागतं. संकासुराचं बोलणं आधी कोण वाचणार? ते त्या गावाच्या समोर, त्या रात्री, तोंडावर बोललं जातं आणि समोरचा उठून उत्तर देऊ शकतो, देतात पण, आमच्याकडे पूर्वी एकेक म्हातारे खाली बसून संकासुराला असे परत बोलायचे की तोच गप्प व्हायचा. आणि त्याला जी मोकळीक आहे ती राक्षसाची मोकळीक आहे, बोलून झालं की त्याला मरायचं असतं, हे आधीपासून ठरलेलं. इतकी व्यवस्था आपल्या पूर्वजांनी लावून ठेवलेली असताना वर आणखी अट कशाला. रत्नागिरीकडे नमन-खेळे या लोकनाट्यात पण संकासुर असतो, शिमग्यात घरोघरी फिरतो, गवळणीत ती मावशी असते तिच्या तोंडाला तर कोणीच सुटत नाही. आपल्या कोकणाने हे जपलंय आणि आपणच ते बंद करायला निघालो तर कठीण आहे.

आणि पुराणाच्या आडून आजचं बोलणं हे तर आपल्या नाटकाने फार मोठ्या माणसांबद्दल केलेलं आहे. खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ साली आलं, कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे समोर बसलेल्यांना सांगावं लागत नव्हतं, आणि १९१० साली इंग्रज सरकारने ते बंद केलं. पण मी त्याला उपहास म्हणणार नाही. ते रूपक आहे, त्यात संताप आहे, बघणारा हसून नाही तर पेटून उठतो. सरकारला झोंबलं एवढ्यावरून एखादी गोष्ट उपहास होत नाही, हे पण आमच्या पोरांना सांगायचं आहे, त्यांना वाटतं कोणाला तरी राग आला म्हणजे काम झालं. राग तर त्या बाईला पण आला, पोर उचलून गेली ती.

खवचटपणाचं पण तेच. आपल्याकडे घरटी एक माणूस खवचट, आणि त्याचा आपल्याला अभिमान. पुलंचा रत्नागिरीचा अंतू बर्वा सगळ्यांना पाठ, त्याची जीभ कोणालाच सोडत नाही. पण मला तो कधी उपहासकार वाटला नाही, त्याच्या बोलण्यात एकटेपण आहे, गरिबी आहे, कुठे काही सुधारेल अशी आशा त्याने सोडून दिलेली आहे. उपहास करणाऱ्याला कुठेतरी ती आशा असते, म्हणून तो बोलतो. संकासुराच्या फायलीच्या वाक्यामागे त्या कलाकाराला फेरफार झालेला हवाच आहे.

'वस्त्रहरण'चं नाव पण त्या सकाळी निघालं. १९८० पासून चाललेलं गवाणकरांचं नाटक, मच्छिंद्र कांबळींचा तात्या सरपंच, मालवणी माणसाला त्यावर वाद घालायला आवडतो. एकाचं म्हणणं त्यात आपल्याच माणसांना येडे दाखवलेत मग ते चालतं कसं. मला वाटतं ते चालतं कारण लिहिणारा त्याच अंगणातला आहे आणि गावात नाटक बसवायची जी धडपड असते तिच्यावर त्याचा जीव आहे. त्यात कोणाला सिंहासनावरून खाली ओढायचं नाही, म्हणून मी त्याला विडंबन म्हणेन, प्रेमाने केलेलं, उपहास नाही. यात लहान-मोठं काही नाही, दोन वेगळी कामं आहेत.

अजून एक झालं. कोणीतरी फोनवर फक्त फायलीचं वाक्य शूट करून पुढे पाठवलं, मागचं-पुढचं काहीच नाही, काळं कापड पण नीट दिसत नाही, आणि शेजारच्या गावातून फोन की तुमच्याकडे ऑफिसावर जाहीर आरोप झाले म्हणे. यावर मला आठवलं ते कोर्टाचं. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने आयटी नियम बदलून सरकारी कारभाराबद्दलचा ऑनलाईन मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे का हे ठरवायला फॅक्ट चेक युनिटची सोय केली, त्याविरुद्ध मुंबई हायकोर्टात जे गेले त्यात स्टँडअप करणारे कुणाल कामरा होते, त्यांचं म्हणणं हेच की आपलं काम राजकीय उपहासाचं आहे, त्याला हा नियम लावला तर बोलताच येणार नाही. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मतानंतर तो बदल रद्द झाला. कामरांचे जोक कोणाला आवडोत न आवडोत, मुद्दा मला पटतो. वेद सातबाऱ्याच्या फायलीत ठेवलेत हे वाक्य तपासून बघाल तर खोटंच निघणार. पण समोर बसलेल्या प्रत्येकाला त्यातलं खरं काय ते त्या क्षणाला कळलं. तो क्षण, ते काळं कापड, समोरची माणसं, हे कापून नुसतं वाक्य पाठवलं की ते आरोपासारखं दिसतं. म्हणून नाटक शूट करायचं तर पूर्ण करा, मंडळाला विचारून करा.

आता बुकिंग करणाऱ्यांसाठी. मंडळ घ्यावं का, तर हो, डोळे मिटून घ्या, एक स्टार कापलाय तो त्या नकलेसाठी. दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की चांगल्या मंडळांच्या तारखा मिळत नाहीत, नारळ आधीच देऊन तारीख पक्की करून ठेवा. मालकाशी बोलताना पूर्वरंग हवा असं स्पष्ट सांगा आणि किती वेळ ते पण सांगा. गावचा विषय काढू नका अशी अट मुळीच घालू नका. त्यापेक्षा संध्याकाळी ओवरीत जाऊन कलाकाराला गावातल्या कोणाच्या व्यंगाची, कोणाच्या जातीची, परक्या माणसाची माहिती पुरवणारे जे असतात त्यांना आपल्या बाजूने आवरा, ते काम कमिटीचं आहे, मंडळाचं नाही. सांगायचंच असेल तर पाण्याच्या टाकीचं सांगा, रस्त्याचं सांगा, कमिटीच्या जमाखर्चाचं सांगा, आपल्यावर पण येऊ दे.

मी मालकांना फोन करून पुढच्या वर्षासाठी हेच बोललोय. ते म्हणाले, "पूर्वरंग अर्धो तास देतंय, आमका काय जड नाय, पण तुमची माणसा जेवान-बिवान अकरा वाजता येतत, तवसर संकासुर मरान गेलेलो आसता, मगे आमी कोणासाठी करूचा?" आणि ते बरोबर आहे, यंदा पण निम्मी वाडी त्यानंतरच आली. म्हणून पुढच्या पूजेला महाप्रसाद साडेसातला आणि नाटक साडेनऊला सुरू, असं मी कमिटीत मांडलंय. आप्पा अजून हो म्हणालेले नाहीत.